दूध देणारें अंडज



आपल्या कोंकणांतील रानांत आणि सह्याद्रीच्या उतारावर एक लाजाळू जनावर आढळतें. त्याच्या पाठीवर, शेपटीवर व पायांवर शिंगासारख्या कठीण खवल्यांचें चिलखत असतें. त्याला दांत नसतात. आणि भय वाटतांच तें अंगाचें वेटोळें करून निपचित पडून राहतें. त्याचे खवले पाहून एखाद्यानें त्याला घोरपडीच्या गोतांत घातलें असतें, तर त्यांत नवल वाटण्यासारखें कांहीं नव्हतें. परंतु आपल्या लोकांनीं त्याला खवले मांजर म्हटलें. तें मांजर नव्हे हें खरें. तथापि खवल्यांस न भुलतां ज्या कोणा अज्ञात माणसानें त्याची गणना दूध पाजणाऱ्या जनावरांत केली, त्याची नजर पक्की होती यांत शंका नाहीं. वटवाघळाच्या बाबतींत मात्र आपलें असें एकमत नाहीं. त्याला पांखरूं म्हणावें कीं जनावर, हा प्रश्न घरोघरीं मुलें विचारतात आणि वडील माणसें बहुधा विषय बदलतात.

एखाद्या प्राण्याचें कूळ ठरवावयाचें तें कशावरून? बाह्य रूपावरून, त्याच्या वसतिस्थानावरून, जन्माच्या तऱ्हेवरून, कीं शरीराच्या आंतील रचनेवरून? हा प्रश्न केवळ पंडितांच्या करमणुकीचा आहे असें कोणास वाटण्याचा संभव आहे. म्हणून आज एका लहानशा प्राण्याची हकीकत सांगण्याचें मीं योजिलें आहे. या प्राण्याच्या कुळाविषयीं युरोपांतील मोठमोठे शास्त्रज्ञ पंचाऐंशीं वर्षें भांडत होते. तो आपल्या देशांतला नव्हे. ऑस्ट्रेलियाचा पूर्व भाग आणि टास्मानिया बेट येथील नद्यानाले हेंच त्याचें मूळ घर. त्याचें रूढ नांव प्लॅटिपस.

कथेकडे वळण्यापूर्वीं शाळेंतील एक धडा थोडक्यांत आठवूं या. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांचे पांच वर्ग आपण शिकलों आहों. मासे कल्ल्यांनीं श्वास घेतात, परांनीं पोहतात, आणि त्यांच्या हृदयाला दोनच कप्पे असतात. बेडकाच्या वर्गाचें बालपण पाण्यांत आणि प्रौढपण बहुधा जमिनीवर. त्यांचें कातडें उघडें व ओलसर, आणि हृदयाचे कप्पे तीन. सरपटणाऱ्यांचें अंग कोरड्या खवल्यांनीं झांकलेलें असतें, व त्यांच्या अंड्यास आवरण असल्यामुळें तीं जमिनीवर घालतां येतात. पक्ष्यांना पिसें, ऊन रक्त आणि चार कप्प्यांचें हृदय. सस्तनांनाही ऊन रक्त आणि चार कप्प्यांचें हृदय. पण पिसांच्या जागीं केंस, आणि पिलांसाठीं दूध. सस्तनांचीं आणखीही कांहीं लक्षणें आहेत, तीं वरवर पाहणाराला दिसत नाहींत. त्यांच्या खालच्या जबड्याची प्रत्येक बाजू एकाच हाडाची असते, मधल्या कानांत तीन चिमुकलीं हाडें असतात, आणि रक्तांतील तांबड्या पेशींना केंद्रक नसतो. हीं लक्षणें पाठ करणें सोपें आहे. तीं कोणीं निवडलीं व कां निवडलीं, हें मात्र शाळेंत सहसा कोणी सांगत नाहीं.

ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांत ॲरिस्टॉटलनें प्राण्यांचे रक्त असलेले व रक्त नसलेले असे दोन भाग पाडले. रक्त असलेल्यांत जिवंत पिलांना जन्म देणारे चतुष्पाद, अंडीं घालणारे चतुष्पाद, पक्षी आणि मासे असे त्यानें गट केले, आणि देवमाशाला माशांत न ढकलतां त्याच्या जातीला स्वतंत्र स्थान दिलें. आपल्याकडे ऐतरेय उपनिषदांत अंडज, जारुज, स्वेदज व उद्भिज्ज अशी चतुर्विध सृष्टि सांगितलेली आहे. जारुज म्हणजेच पुढें रूढ झालेला जरायुज, वारेंत गुंडाळलेला जन्मतो तो. ग्रीस व भारत या दोन्ही देशांतील विचारवंतांनीं जन्माच्या तऱ्हेला इतकें महत्त्व द्यावें, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

स्वीडनमधील लिनियसनें १७३५ सालीं आपल्या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तींत जुनाच चतुष्पाद हा वर्ग ठेवला होता. १७५८ च्या दहाव्या आवृत्तींत त्यानें तो मोडला व त्याच्या जागीं मॅमेलिया हा नवा शब्द घडविला. आपला सस्तन हा शब्द त्याचाच अनुवाद. त्याच आवृत्तींत देवमासा माशांतून निघून सस्तनांत आला. लिनियसला केंसांवरून किंवा कानाच्या हाडांवरूनही या वर्गाचें नांव ठेवतां आलें असतें. त्यानें स्तनच कां निवडले? १७५२ सालीं त्यानें दाई ठेवून मुलांना परक्या स्त्रीचें दूध पाजण्याच्या चालीविरुद्ध एक निबंध लिहिला होता. ती चाल तेव्हां युरोपांतील सुखवस्तु घरांत सर्रास होती, आणि मातेनें आपल्या मुलास स्वतः पाजावें असा त्याचा आग्रह होता. या आग्रहाचा त्या नांवाशीं कांहीं संबंध असावा, असें आधुनिक काळांतील एका इतिहासलेखिकेनें प्रतिपादिलें आहे, आणि मला तें पटतें. शास्त्रीय परिभाषा घडविणारा माणूसही अखेर संसारांतलाच असतो.

तें कसेंही असो. १७५८ पासून दूध हें या वर्गाचें बिरुद ठरलें. दूध पाजणारा प्राणी जिवंत पिलांना जन्म देणारच, हें मात्र कोणीं नियम म्हणून लिहून ठेवलें नव्हतें. तें इतकें उघड वाटत होतें कीं लिहिण्याची गरजच भासली नाहीं.

१७९७ च्या नोव्हेंबर महिन्यांत ऑस्ट्रेलियांतील इंग्रज वसाहतीचा गव्हर्नर जॉन हंटर हा हॉक्सबरी नदीजवळच्या एका तळ्याच्या कांठीं उभा होता. तेथील एक मूळ रहिवासी हातांत आंखूड भाला घेऊन पाण्याकडे टक लावून बसलेला त्यानें पाहिला. एक प्राणी श्वास घेण्यासाठीं वारंवार वर येई आणि पुन्हां बुडी मारी. सुमारे तासभर वाट पाहून त्या माणसानें भाला फेंकला. हातीं आलेलें जनावर हंटरला अगदींच अपरिचित होतें. अंगावर चिचुंदरीसारखी दाट मऊ लव, शेपटी रुंद व चपटी, पायांच्या बोटांमध्यें पडदे, आणि तोंडाच्या जागीं बदकाची चोंच! हंटरनें अशा एका प्राण्याचें शरीर अर्कांत बुडवून इंग्लंडांत न्यूकॅसल येथील विद्वत्सभेकडे पाठविलें.

लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममधील जॉर्ज शॉ यानें १७९९ सालीं दुसऱ्या एका वाळलेल्या कातड्यावरून या प्राण्याचें पहिलें शास्त्रीय वर्णन छापलें. तें लिहितांना त्याच्या मनांत सारखी शंका घोळत होती. एखाद्या चतुष्पादाच्या मुंडक्यावर बदकाची चोंच बेमालूम शिवून टाकावी, तसें तें त्याला दिसलें, आणि आपणांस कोणी फसवीत तर नाहीं ना, हा संशय त्यानें छापील मजकुरांतच प्रांजळपणें नमूद केला. संशयाला कारणही होतें. माकडाचें धड आणि माशाची शेपटी जोडून मत्स्यकन्या म्हणून विकण्याचा उद्योग पूर्वेकडील बंदरांतून चालत असे, आणि युरोपांतील संग्राहक त्यांत अनेकदां नाडले गेले होते. शॉनें कातरीनें चोंचीच्या कडेचे टांके शोधले अशी आख्यायिका आहे. टांके अर्थातच सांपडले नाहींत. तेंच कातडें लंडनमध्यें अजून जपून ठेवलेलें आहे.

शॉनें दिलेलें प्लॅटिपस हें नांव एका भुंग्याच्या जातीला आधींच देऊन झालें होतें. म्हणून जर्मनींतील ब्लूमेनबाख यानें १८०० सालीं ठेवलेलें ऑर्निथोऱ्हिंकस, म्हणजे पक्ष्याची चोंच असलेला, हें नांव शास्त्रांत टिकलें. लोकांच्या तोंडीं मात्र भुंग्याचेंच नांव राहिलें.

येथवर सारें मजेचें होतें. खरी अडचण १८०२ सालीं उत्पन्न झाली. एव्हरार्ड होम या इंग्रज शस्त्रवैद्यानें नर व मादी दोन्हींचें शवच्छेदन केलें, तेव्हां त्याला तीन गोष्टी आढळल्या. मल, मूत्र आणि प्रजोत्पादन या सर्वांसाठीं या प्राण्याला पक्ष्यांप्रमाणें व सरड्यांप्रमाणें एकच द्वार आहे. मादीचीं जननेंद्रियें सस्तनांपेक्षां अंडजांच्या वळणाचीं आहेत. आणि मादीला स्तन नाहींत. अंगावर केंस असलेला प्राणी आणि त्याला स्तन नाहींत! पॅरिसच्या जॉफ्र्वा सँतिलेरनें १८०३ सालीं या प्राण्याचा व त्याच्या काटेरी भाऊबंदाचा, म्हणजे एकिड्नाचा, एक स्वतंत्र गण केला आणि त्याला मोनोट्रीम, अर्थात् एकद्वारी, असें नांव दिलें. कण्याचे व बिनकण्याचे अशी प्राण्यांची विभागणी ज्यानें रूढ केली, त्या लामार्कनें १८०९ सालीं आणखी पुढें जाऊन सांगितलें कीं, स्तन नाहींत म्हणून हे सस्तन नव्हत, पंख नाहींत म्हणून पक्षी नव्हत, आणि हृदय चार कप्प्यांचें म्हणून सरपटणारेही नव्हत. यांचा वर्गच निराळा मानला पाहिजे. उलट कूव्हिएनें १८१७ सालीं त्यांना दांत नसलेल्या सस्तनांच्या रांगेंत नेऊन बसविलें. एका घरांतून निघालेलें पोर तीन घरीं हिंडून आलें, तरी त्याला कोणी आपलें म्हणेना, अशांतला हा प्रकार झाला.

या वादाला इतकी धार कां यावी? त्याचें कारण असें कीं, त्या काळीं दोन दृष्टींचा झगडा चालू होता. प्राण्यांचे वर्ग मुळापासून पृथक् आहेत, त्यांच्यामधील भिंती अभेद्य आहेत, असें एका पक्षाचें म्हणणें. एक रूप दुसऱ्या रूपांत हळूहळू उतरत जातें असें दुसऱ्याचें. सस्तन आणि सरपटणारे यांच्या सरहद्दीवर उभा असलेला एखादा प्राणी खरोखरीच निघाला, तर भिंतीला भगदाड पडणार होतें. म्हणून प्लॅटिपसची मादी अंडें घालते कीं पिलूं, या एका प्रश्नावर सृष्टीच्या रचनेविषयींचे दोन सिद्धांत पैजेला लागल्यासारखे झाले.

१८२४ सालीं जर्मनींतील शारीरशास्त्रज्ञ मेकेल यानें जाहीर केलें कीं, मादीच्या पोटाच्या कातड्याखालीं दुधाच्या ग्रंथि आहेत. मात्र त्यांना बोंडी नाहीं, त्या बारीक छिद्रांनीं कातडीवर उघडतात. जॉफ्र्वाला हें मान्य होईना. हा प्राणी अंडज आहे अशी त्याची खात्री होती, आणि अंडजाला दूध कोठून येणार? त्या ग्रंथि चिचुंदरीच्या अंगावर असतात तशा वासाच्या असाव्यात, असें तो म्हणाला. १८३२ सालीं लेफ्टनंट मॉल या ऑस्ट्रेलियांतील लष्करी अधिकाऱ्याकडून लंडनला खबर आली कीं, बिळांत पकडलेल्या मादीच्या लवेंतून दूध पाझरतांना त्यानें प्रत्यक्ष पाहिलें. त्याच वर्षीं तरुण रिचर्ड ओवेननें त्या ग्रंथींचें बारकाईनें परीक्षण करून त्या दुधाच्याच आहेत असें दाखविलें. दूध असेल तर लोणी काढून दाखवा, अशा अर्थाचा टोला जॉफ्र्वानें हाणल्याचें सांगतात. पण तो वाद तेथेंच हरला होता. बदकासारख्या चोंचीनें पिलूं दूध कसें ओढील, ही शंकाही लवकरच फिटली. ओवेनला मिळालेल्या पिलांची चोंच आंखूड व मऊ होती, आणि आज आपणांस ठाऊक आहे कीं, आईच्या पोटावरील लवेंत झिरपलेलें दूध पिलें तेथूनच पितात.

आतां पाहा, या वादांत दोन्ही पक्ष एकाच चुकीवर उभे होते. जॉफ्र्वा म्हणे, अंडें आहे म्हणून दूध नाहीं. ओवेन म्हणे, दूध आहे म्हणून अंडें नाहीं. अंडें आणि दूध दोन्ही असूं शकतील, ही गोष्ट एकाच्याही तर्कांत बसेना. ओवेननें एक मधली वाट काढली. आपल्याकडील नाग अंडीं घालतो, पण घोणस व फुरसें यांचीं अंडीं पोटांतच उबून जिवंत पिलें बाहेर येतात. तसाच प्रकार प्लॅटिपसचा असावा, असें त्यानें ठरविलें. हें मत त्यानें पुढें पन्नास वर्षें सोडलें नाहीं. त्याचा अधिकार एवढा वाढला कीं, त्याच्या मताविरुद्ध येणारा प्रत्येक पुरावा आधीं त्याच्याच टेबलावर येऊन पडे आणि तेथेंच निकालांत निघे. मॉलच्या पत्रांतच बिळाच्या कचऱ्यांत अंड्याच्या कवचासारखे तुकडे मिळाल्याचा उल्लेख होता. त्याला ओवेननें वजन दिलें नाहीं. १८६४ सालीं व्हिक्टोरिया प्रांतांतील एका डॉक्टरानें त्याला लिहिलें कीं, पकडून दारूच्या रिकाम्या खोक्यांत ठेवलेल्या मादीनें दोन मऊ, पांढरीं अंडीं घातलीं. भीतीमुळें गर्भपात झाला असेल, असा अर्थ ओवेननें लावला.

निःपक्षपातीपणें सांगावयाचें तर सगळाच पुरावा चोख नव्हता. १८२९ सालीं प्लॅटिपसचीं म्हणून जीं अंडीं गाजलीं, तीं बहुधा कांसवाचीं होतीं. एवढ्यावरून ओवेन सावध राहिला असेल तर त्याला दोष देतां येणार नाहीं. पण साक्षीदारांचा एक मोठा वर्ग असा होता कीं ज्याची साक्ष घेऊनही ती ग्राह्य धरली गेली नाहीं. तो वर्ग म्हणजे त्या नद्यांच्या कांठीं हजारों वर्षें राहणारे ऑस्ट्रेलियाचे मूळ रहिवासी. १८२२ सालीं पॅट्रिक हिल या आरमारी शस्त्रवैद्यानें लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकांत त्यांपैकीं एकाची जबानी छापली. त्याचें नांव कूकूगाँग. हिल त्याला बूरा-बूरा जमातीचा प्रमुख म्हणतो. हा प्राणी दोन अंडीं घालतो ही गोष्ट आपल्या लोकांना चांगली ठाऊक आहे, असें त्यानें सांगितलें होतें. पुढें १८३२ च्या सुमारास जॉर्ज बेनेट हा डॉक्टर ओवेनच्या सांगण्यावरून या शोधासाठीं नदीकांठचीं बिळें खणीत हिंडला. त्यालाही कांहीं जणांनीं अंड्यांविषयीं सांगितलें. पण दुसऱ्यांनीं पिलेंच जन्मतात म्हणून सांगितलें, आणि कांहींनीं आपलें म्हणणें फिरविलें. परक्या साहेबानें मोडक्यातोडक्या भाषेंत पुन्हां पुन्हां तोच प्रश्न विचारला, तर त्याला आवडेल तें उत्तर देऊन मोकळें व्हावें, ही मनुष्यस्वभावाची रीत आपणांस परकी नाहीं. बेनेटनें मात्र त्यावरून अनुमान काढलें कीं, या लोकांच्या सांगण्यावर विसंबतां येत नाहीं.

मध्यंतरीं १८३६ च्या जानेवारींत चार्लस डार्विन जगप्रवासाच्या ओघांत ऑस्ट्रेलियांत उतरला होता. निळ्या पर्वतांपलीकडे एका ओढ्यांत संध्याकाळीं कित्येक प्लॅटिपस पाणउंदरांसारखे खेळतांना त्यानें पाहिले. त्या दिवशींच्या त्याच्या रोजनिशींत एक चमत्कारिक विचार आहे: या देशांतील प्राणी पाहून एखादा नास्तिक म्हणेल कीं, येथें दुसऱ्याच कोणा निर्मात्याचा हात असावा. तेवीस वर्षांनीं त्याचा उत्क्रांतीवरील ग्रंथ निघाला आणि प्लॅटिपसच्या प्रश्नाचें रूप पालटलें. सस्तनांचे पूर्वज सरपटणाऱ्यांसारखे अंडज असतील, तर त्या अवस्थेची खूण कोठें तरी शिल्लक असावी, ही आतां केवळ शंका राहिली नाहीं. ती अपेक्षा झाली.

ती अपेक्षा फळास आली १८८४ सालीं, आणि ती ज्या रीतीनें आली ती सांगतांना मन थोडें अस्वस्थ होतें. केंब्रिजचा तरुण पदवीधर विल्यम कॉल्डवेल हा आदल्या वर्षीं ऑस्ट्रेलियांत आला होता. क्वीन्सलँडमधील बर्नेट नदीच्या कांठीं त्यानें तळ दिला आणि एकद्वारी प्राणी पकडून आणण्यासाठीं तेथील मूळ रहिवाशांना कामाला लावलें. हळूहळू त्यांची संख्या दीडशेंपर्यंत गेली. प्रत्येक मादीमागें अर्धा क्राउन द्यावयाचा असा दर होता. पण तेथें पीठ, चहा व साखर विकणाराही कॉल्डवेलच होता, आणि मिळालेले पैसे जेमतेम पोटापुरतेच व्हावेत इतक्या बेतानें त्यानें त्या जिनसांच्या किमती चढवून ठेवल्या, म्हणजे माणसें भुकेलेलीं राहून काम सोडणार नाहींत. ही गोष्ट त्याच्या शत्रूनें सांगितलेली नाहीं. त्यानें स्वतःच १८८७ च्या आपल्या शास्त्रीय निबंधांत ती बिनदिक्कत लिहिली आहे. एका हंगामांत हजाराहून अधिक एकिड्ना मारले गेले.

ऑगस्टमध्यें कॉल्डवेलनें एक प्लॅटिपसची मादी गोळी घालून मारली. तिनें एक अंडें नुकतेंच घातलें होतें आणि दुसरें बाहेर पडण्याच्या बेतांत गर्भाशयाच्या तोंडाशीं होतें. जगभरचे पंडित ज्यासाठीं अडून बसले होते, तो पुरावा एकाच मादीनें पुरा केला. कॉल्डवेलनें जवळच्या तारऑफिसाकडे माणूस धाडून सिडनीच्या प्राध्यापक लिव्हर्सिज यांना चार शब्दांची तार केली, आणि त्यांनीं ती कॅनडांत माँट्रियल येथें भरलेल्या ब्रिटिश शास्त्रपरिषदेकडे रवाना केली. एकद्वारी प्राणी अंडज आहेत, आणि त्यांच्या अंड्यांतील पेशींचें विभाजन अंशतःच होतें, असा त्या शब्दांचा अर्थ. दुसरा भाग शास्त्रज्ञांच्या दृष्टीनें पहिल्याइतकाच महत्त्वाचा होता. इतर सस्तनांच्या सूक्ष्म अंड्याचें विभाजन सबंध होतें. पक्ष्यांच्या व सरड्यांच्या अंड्यांत मात्र बलक तसाच राहून त्यावरील लहानशा भागांतच विभाजन चालतें. प्लॅटिपसचें अंडें या दुसऱ्या जातीचें निघालें.

२ सप्टेंबर १८८४ रोजीं ही तार माँट्रियल येथें वाचली गेली. त्याच तारखेला ऑस्ट्रेलियांतील ॲडलेड शहरीं विल्हेल्म हाके नांवाच्या जर्मन शास्त्रज्ञानें एकिड्नाचें अंडें विद्वानांसमोर मांडलें. मादीच्या पोटावरील पिशवींत बोटें घालतांच अंडें हातीं आलें, तेव्हां तो इतका चकित झाला कीं, त्याच्या चिमटींत तें चिरडलें! दोन शोध, एक वर्ष, एक तारीख, आणि दोघांची एकमेकांस वार्ताही नव्हती. ओवेन त्या वेळीं ऐंशीं वर्षांचा होता. कॉल्डवेलनें पुढें प्राणिशास्त्राला रामराम ठोकला आणि स्कॉटलंडमध्यें कागदाचा कारखाना चालविला.

मग प्लॅटिपस कोणत्या वर्गाचा ठरला? सस्तनांचाच. केंस, दूध, कानांतील तीन हाडें, जबड्याचें एकेरी हाड, केंद्रक नसलेल्या तांबड्या पेशी, हीं सारीं लक्षणें त्याच्या ठायीं आहेत. पण शिवाय एकच द्वार आहे, पक्ष्यांप्रमाणें डाव्याच बाजूचें अंडाशय काम करतें, आणि अंगाची उष्णता सुमारें ३२ अंश सेल्सिअस, म्हणजे आपल्यापेक्षां पांच अंशांनीं कमी. मादी दोन मऊ कवचाचीं अंडीं शेपटी व पोट यांच्यामध्यें धरून सुमारें दहा दिवस उबविते, आणि नंतर पिलांना तीनचार महिने पाजते. नराच्या मागच्या पायांना विषारी आर असते. चोंच म्हणून जिला आपण संबोधितों, ती पक्ष्याच्या चोंचीसारखी टणक नसून मऊ कातडीची आहे. पाण्यांत डोळे, कान, नाक मिटून बुडी मारलेला हा प्राणी भक्ष्याच्या स्नायूंतून निघणारे विजेचे सूक्ष्म स्पंद त्या चोंचीनें टिपतो, असें १९८६ सालीं सिद्ध झालें. शॉला जी शिवलेली वाटली, ती एवढी नाजूक वस्तु होती.

या साऱ्याचा उलगडा असा. लक्षणें एकाच दिवशीं एका गाठोड्यांत बांधून आलेलीं नाहींत. केंस आणि दूध हीं आधीं आलीं. अंड्याचा त्याग फार मागाहून झाला. एकद्वारींचें घराणें आपल्या घराण्यापासून १६ ते १९ कोटि वर्षांपूर्वीं फुटलें, तेव्हां दूध होतें, पण जरायूवर पोसलेला जन्म अद्याप यावयाचा होता. २००८ सालीं प्लॅटिपसचा आनुवंशिक आराखडा प्रसिद्ध झाला, त्यांत ही कथा जणू अक्षरांनीं लिहिलेली सांपडली. कोंबडीमध्यें बलकाचें प्रथिन बनविणाऱ्या तीन जनुका असतात. मनुष्यांत त्यांचे केवळ भग्नावशेष आहेत. प्लॅटिपसमध्यें त्यांपैकीं एक अजून काम करते. आणि तिच्याबरोबरच दुधाचें प्रथिन बनविणाऱ्या जनुकाही आहेत. जॉफ्र्वा आणि ओवेन दोघांचेही पुरावे एकाच पोथींत!

भिंत एकदां पडली कीं शेजारच्या भिंतीही तपासाव्या लागतात. सुसर ही पालीपेक्षां चिमणीला जवळची आहे हें आतां निश्चित झालें असल्यामुळें, पक्ष्यांना वगळून सरपटणाऱ्यांचा वर्ग करणें आजचे शास्त्रज्ञ वंशशास्त्राला धरून मानीत नाहींत. माशांची गोष्टही तशीच. ज्या बर्नेट नदीवर कॉल्डवेलनें तळ दिला, तेथें तो एकद्वारींइतकाच दुसऱ्या एका प्राण्यासाठीं गेला होता. १८७० सालीं क्रेफ्टनें वर्णिलेला तो फुप्फुसाचा मासा. दिसावयाला मासा, राहावयाला नदींत, अंगावर खवले. पण त्याचें नातें पापलेटापेक्षां बेडकाशीं, गाईशीं आणि आपल्याशीं अधिक जवळचें आहे. शाळेंतील पांच वर्ग अजून कामाला येतात, आणि मुलांनीं ते शिकावेत असेंच मी म्हणेन. मात्र ते वंशवृक्षाच्या पांच सारख्या फांद्या नव्हत.

कूकूगाँगची जबानी ज्यांत छापली आहे, तो लिनियन सोसायटीच्या नियतकालिकाचा तेरावा खंड ग्रंथालयांतून आजही पाहावयास मिळतो. अंडें कोंबडीच्या अंड्याएवढें असतें असें त्याच्या नांवावर तेथें लिहिलेलें आहे, तें बरोबर नाहीं. प्लॅटिपसचें अंडें सुमारें १७ मिलिमीटर लांबीचें, बोराएवढें असतें. अंड्यांची संख्या मात्र त्यानें दोन सांगितली होती.